सोसणं आणि शिकणं : संमोहन उपचाराकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

संमोहन उपचाराकडे माणसं वळतात ती पुष्कळदा स्वतःच्या त्रासाच्या वाटेने. कुणाची वर्षानुवर्षं झोप उडालेली असते. कुणाला चारचौघांत बोलायला उभं राहिलं की घाम फुटतो. कुणाच्या घरात दारू असते, कुणाच्या घरातलं कर्तं माणूस हातपाय गाळून बसलेलं असतं, कुणाच्या घरातलं माणूस एका सकाळी अचानक गेलेलं असतं. मग कधीतरी, कुणा जाणत्याच्या समोर डोळे मिटून बसल्यावर आत काहीतरी सैल होतं, आणि आपल्याला मिळालं ते दुसऱ्यालाही मिळावं असं मनापासून वाटू लागतं. ही इच्छा मोलाची आहे. पण या इच्छेपासून व्यवसायापर्यंतचं अंतर किती आणि ते कशाच्या बळावर कापायचं, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याची दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तेव्हा ज्याने सोसलं त्यानेच दुसऱ्याचं मन सांभाळावं. दुसरं म्हणतं, जो स्वतःच कोसळला होता तो दुसऱ्याला काय सावरणार? मला दोन्ही अपुरी वाटतात. माझं म्हणणं असं, की सोसलेलं आयुष्य माणसाला या विद्येच्या दारापर्यंत आणून सोडतं, आणि आत शिरताना त्याला आपल्या सोसण्याचा मोठेपणा बाहेर ठेवावा लागतो. कारण संमोहनाच्या इतिहासातला पहिला मोठा शोधच असा आहे, की शक्ती उपचार करणाऱ्याकडे नसते.

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात विचारला की त्याला वेगळं वजन येतं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवनाचा शेवट केला. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती तारीख आजही लक्षात ठेवली जाते. त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्याचं नाव बातम्यांत येत राहिलं ते बहुतेक एकाच कारणाने. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पाठीवर पंप बांधून उभ्या पिकात शिरणारा तो माणूस पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करत होता. त्यातून जे वाचले त्यांच्या घरी पुढच्या हंगामात पंप हातात घेताना काय होत असेल, याचा हिशेब कुठल्याही पंचनाम्यात आला नाही. झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, लय टेन्शन येते, या शब्दांत ते सांगितलं जातं आणि बहुधा तिथेच विरतं. सोसणं हीच पात्रता असती, तर या जिल्ह्याला बाहेरून एकही समुपदेशक आणावा लागला नसता. प्रत्यक्षात २०१५ मध्ये सरकारला बळीराजा चेतना अभियान हाती घ्यावं लागलं, आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू करावा लागला आणि आशा कार्यकर्त्यांच्या हाती प्रश्नावली द्यावी लागली. दुःख भरपूर आणि त्यावर काम करणारी प्रशिक्षित माणसं तुटपुंजी, हे यवतमाळचं चित्र एवढंच सांगतं की दुःखापासून उपचाराच्या कौशल्यापर्यंत आपोआप जाणारी वाट नाही. ती कुणीतरी बांधावी लागते.

ती कशी बांधली गेली याचं सगळ्यात जुनं आणि आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजे आबे फारिया, १७५६ मध्ये बार्देशातल्या कांदोळीला जन्मले. घर मोडलेलं होतं. आईवडील वेगळे झाले, वडील पुन्हा धर्मसेवेत गेले आणि आई मठात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडिलांनी १७७१ मध्ये गोवा सोडला तो कायमचा. पोर्तुगाल, रोम, पुन्हा पोर्तुगाल. राजदरबारी प्रवचन देण्याची वेळ आली तेव्हा समोरचा थाट पाहून या तरुण पाद्र्याच्या तोंडून शब्द फुटेना, आणि वडिलांनी खालून कोंकणीत कुजबुजून सांगितलं की ही सगळी भाजी आहे, काप ती, अशी कथा गोव्यात घरोघर सांगतात. भीती क्षणात गेली आणि प्रवचन रंगलं. एका वाक्याने आपल्या शरीराची अवस्था पालटली कशी, हा प्रश्न त्यांना पुढे जन्मभर पुरला, असं ती कथा सुचवते. कथेत दंतकथेचा रंग आहे, पण पुढचं आयुष्य त्याच प्रश्नाभोवती फिरलं ही गोष्ट नोंदलेली आहे. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध शिजलेल्या १७८७ च्या पिंटोंच्या कटानंतर संशयाची सावली पडली, ते फ्रान्सला गेले, तिथल्या क्रांतीच्या धामधुमीत उतरले, मग मार्सेय आणि नीममध्ये शिकवू लागले. परका वर्ण, परकी भाषा, पाठीशी घर नाही. १८१३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, मन एकाग्र होऊ द्यायचं आणि मग ठाम आवाजात आज्ञा द्यायची : झोपा! १८१६ मध्ये त्यांची टर उडवणारं प्रहसन रंगभूमीवर आलं आणि लोकांनी पाठ फिरवली. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते पॅरिसमध्येच वारले. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवलेला त्यांचा पुतळा आहे. बाईवर दोन्ही हात रोखून उभे असलेले फारिया त्यात दिसतात. पुतळा देखणा आहे, पण पाहणाऱ्याला तो नेमका उलटा अर्थ सुचवतो, जणू त्या हातांतून काही वाहतं आहे.

फारियांनी हेच नाकारलं होतं, आणि या प्रस्तावनेतला माझा सगळा युक्तिवाद या नकारावर उभा आहे. त्यांच्या आधी फ्रांझ मेस्मर सांगत होता की उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि रोग्याला बरं करतो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने (बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए त्यात होते) असा द्रव नसल्याचा निर्वाळा दिला आणि परिणाम दिसतो तो कल्पनाशक्तीचा आहे असं म्हणून विषय मिटवला. फारिया तिथे थांबले नाहीत. कल्पनाशक्तीने जर शरीर बदलत असेल तर अभ्यास तिचाच करायला हवा, असं त्यांनी धरलं. झोप येते ती झोपणाऱ्याच्या एकाग्रतेमुळे आणि विश्वासामुळे. समोरचा माणूस फक्त निमित्त. पुढे जेम्स ब्रेडने या अवस्थेला आज रूढ असलेलं नाव दिलं, आणि फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या डॉक्टरांनी सूचनेचं शास्त्र उभारलं तेव्हा फारियांचं श्रेय मान्य झालं. आता हे स्वतःच्या दुःखातून या क्षेत्रात येणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. 'मी भोगलं आहे, म्हणून माझ्यात ते सामर्थ्य आलं' असं जो म्हणतो तो नकळत मेस्मरकडे परत जातो. द्रवाच्या जागी त्याने आपलं दुःख ठेवलेलं असतं. फारियांच्या आयुष्यात सोसण्याची कमी नव्हती. त्याचं भांडवल करून त्यांना गुरू होता आलं असतं. त्यांनी त्या अनुभवातून एक प्रश्न घेतला आणि त्याचं उत्तर दुसऱ्यांच्या निरीक्षणात शोधलं. संघर्षातून करिअर घडतं म्हणजे काय घडतं, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

विसाव्या शतकातलं मिल्टन एरिक्सनचं उदाहरण याला दुजोरा देतं. १९१९ मध्ये सतराव्या वर्षी त्याला पोलिओ झाला, शरीर लुळं पडलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या मुलाने रांगणाऱ्या, पडत-उठत चालू लागणाऱ्या धाकट्या बहिणीकडे पाहून स्नायूंची हालचाल पुन्हा कशी आठवायची ते शिकून घेतलं, असं तो सांगे. पण यानंतर तो थेट उपचार करायला बसला नाही. तो वैद्यक शिकला, मानसोपचारतज्ज्ञ झाला, रुग्णालयांत वर्षं काढली आणि मग अमेरिकेतल्या वैद्यकीय संमोहनाचा सगळ्यात प्रभावी शिक्षक ठरला. आजाराने त्याला बारकाईने पाहायला शिकवलं. त्या पाहण्याचा उपयोग कुठे करायचा आणि कुठे हात आवरायचा, हे शिक्षणाने शिकवलं.

इथे कुणी म्हणेल, की ज्याला संमोहनाने स्वतःला बरं वाटलं आहे त्याच्याइतका खात्रीचा साक्षीदार कोण? मला नेमकी याच साक्षीदाराची काळजी वाटते. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक बदलते, हे १९५० च्या दशकाअखेरीस तयार झालेल्या स्टॅनफर्ड मापनश्रेणीपासून वारंवार दिसलं आहे. थोड्या लोकांना ही अवस्था चटकन आणि खोल लागते, थोड्यांना जवळजवळ लागतच नाही, आणि बाकीचे मधे असतात. 'तुमचा उजवा हात हलका होतो आहे, आपोआप वर उचलला जातो आहे' अशी सूचना दिली की एकाचा हात खरंच तरंगत वर येतो, दुसऱ्याची बोटं जेमतेम थरथरतात, तिसऱ्याचा हात मांडीवर तसाच राहतो आणि तो मनात म्हणतो, आता वर उचलावा की काय, यांना वाईट वाटेल. संमोहनाने बरा होऊन या व्यवसायात आलेला माणूस बहुधा पहिल्या गटातला असतो. त्याचा स्वतःचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्यांचा नाही. आणि तिसऱ्या माणसाचा हात वर आला नाही तर हा उपचारक त्याच्या 'श्रद्धेत कमी' शोधू लागतो, तिथे नुकसान सुरू होतं. सोसून या कामात येणाऱ्यांचं चित्र आकड्यांतही दिसतं. मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या स्त्रियांची इतर व्यवसायांतल्या स्त्रियांशी तुलना करणारा एक अमेरिकी अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. या क्षेत्रातल्या स्त्रियांनी बालपणातले आघात, घरातलं मद्यपान, आईवडिलांचे मानसिक आजार जास्त प्रमाणात सांगितले. पण प्रौढपणी त्यांच्यातला मानसिक त्रास मात्र इतरांपेक्षा कमी आढळला. यातला पहिला भाग सगळे सांगतात. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो. जखम होती, आणि काम करण्याच्या वयापर्यंत तिच्यावर काहीतरी झालेलं होतं.

तरीही स्वतः सोसलेल्याला, आणि त्यातही याच मातीतल्या माणसाला, एक गोष्ट अशी कळते जी बाहेरच्याला पुस्तकातून कळणार नाही. शरीर सैल करण्यासाठी छापील संहिता वापरल्या जातात. त्यांत एक चित्र हमखास असतं : तुम्ही हिरव्यागार शेतात उभे आहात, मंद वारा सुटला आहे, आकाशात ढग जमले आहेत, पावसाचे थेंब पडताहेत. पुण्यातल्या नोकरदाराला याने गार वाटेल. राळेगाव किंवा घाटंजीच्या कापूस उत्पादकाला तेच चित्र दुबार पेरणी, कृषी केंद्राची उधारी आणि वेचणीला आलेला कापूस भिजवणारा अवकाळी पाऊस आठवून देईल; त्याचा श्वास मंदावण्याऐवजी वाढेल. जिने तो पाऊस घरात बसून मोजला आहे ती उपचारक ही संहिता तोंडून काढण्याआधीच बाजूला ठेवेल आणि विचारेल, तुम्हाला कुठं बसलं की बरं वाटतं? उत्तर देवळाचा पार येईल, माहेरची ओसरी येईल, बैलाच्या पाठीवरून फिरवलेला हात येईल. हे ज्ञान सोसण्यातून येतं आणि ते अनमोल आहे. मात्र एवढं ध्यानात राहावं, की तिथेही तिने स्वतःचं चित्र न देता समोरच्याचं विचारून घेतलं.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो जिल्ह्यातल्या शेतकरी चळवळीतून येतो. कर्ज आहे, भाव नाही, पीकविमा मिळत नाही. अशा माणसाला डोळे मिटायला सांगून काय साधणार? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, त्यातलं अक्षरही कमी करायचं नाही. कापसाच्या भावाचा प्रश्न मनाचा प्रश्न म्हणून मांडणं हा अन्याय आहे, आणि ज्या दिवशी संमोहन उपचार त्या कामी वापरला जाईल त्या दिवशी तो नाकारलाच पाहिजे. पण आर्थिक कारण खरं असलं तरी त्यातून आलेलं नैराश्य खोटं ठरत नाही. कर्ज फिटेपर्यंत माणूस टिकला पाहिजे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत संगथ या संस्थेने राबवलेल्या विश्राम कार्यक्रमाने याचा पुरावा दिला. गावातल्याच सामान्य शिक्षण असलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठल्याही उपचारापर्यंत पोहोचत होते. दीड वर्षाने केलेल्या पाहणीत ते प्रमाण २७.२ टक्के झालं. कर्ज तेच होतं, बाजार तोच होता. फरक पडला तो ऐकणारं आणि योग्य जागी पाठवणारं माणूस गावात असल्याने. या कार्यक्रमात संमोहन नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. संमोहन शिकू पाहणाऱ्याने आधी एवढं काम करून दाखवावं, असं मला वाटतं ते त्यामुळेच.

दुसरी शंका बुवाबाजीची. ज्या भागात आजही बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेलं जातं, तिथे डोळे मिटवून आवाजाने माणसाची अवस्था बदलणारा नवा माणूस आला तर लोक त्याला काय समजतील? धोका खरा आहे. पण विदर्भाचाच इतिहास यावर उत्तर देतो. १९८२ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव हे बाबा-बुवांविरुद्ध उभे राहिले आणि तेच स्वसंमोहनाच्या कार्यशाळाही घेत आले. यात विसंगती नाही. अंगात येणं, भानामती, बाबाच्या स्पर्शाने पडणारा आराम या सगळ्यांमागे सूचना कशी काम करते हे जो उलगडून दाखवतो, तो बाबाचं सामर्थ्य काढून घेऊन ते ज्याचं त्याला परत देतो. फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी केलं ते हेच. म्हणून उपचारकाने स्वसंमोहन शिकवलं पाहिजे, रुग्णाला लवकरात लवकर आपल्याविना चालायला लावलं पाहिजे. जो रुग्णाला वर्षानुवर्षं आपल्या खुर्चीकडे फिरवत ठेवतो, त्याने भगताचीच गादी चालवली असं मी म्हणेन. पूर्वजन्मात नेण्याचे, 'दडपलेल्या आठवणी' बाहेर काढण्याचे प्रयोग तर निक्षून टाळावेत. संमोहनात आठवण अचूक होत नाही. ती जास्त ठाम होते, खोटी असली तरी. त्यापायी अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत घरं मोडली आणि खटले उभे राहिले.

संमोहनाने काय साधतं याबद्दल दावे मोजकेच करावेत. १८४५ मध्ये बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेलने या अवस्थेत मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, पण लगेच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ते पर्व संपलं. आज सगळ्यात भक्कम पुरावा आतड्यांच्या एका चिवट विकारात आहे, ज्यावर मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ३० रुग्णांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती यांत मदत होते. गंभीर नैराश्यात एकटं संमोहन पुरेसं नाही. भास-भ्रम असलेल्या आजारात ते टाळतातच. यवतमाळच्या संदर्भात याचा अर्थ असा, की जो माणूस मरणाबद्दल बोलतो त्याला खुर्चीत बसवायचं नाही. त्याच्यासोबत थांबायचं, घरच्यांना सोबत घ्यायचं, विषारी औषधं त्याच्या हाताशी राहणार नाहीत हे पाहायचं, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत त्याला पोहोचवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

कायद्याच्या बाजूनेही अभिमानाला फारसा आधार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ च्या पत्रात संमोहन उपचाराला मान्यता दिली ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी करण्याच्या अटीवर. पण त्यासाठी वेगळी परिषद वा सनद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत हिप्नोथेरपिस्ट असा प्रकार नाही. दोन दिवसांचा वर्ग करून भिंतीवर प्रमाणपत्र लावलेला माणूस आणि दहा वर्षं मनोरुग्णांसोबत काम केलेला माणूस, दोघांची पाटी सारखीच दिसते. म्हणून कायदा जे मागत नाही ते येणाऱ्याने स्वतःकडून मागावं लागतं. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसं कार्यकर्ते होतात. तिथे भूतकाळ लपवावा लागत नाही, आणि निव्वळ भूतकाळावर कामही मिळत नाही. आधी सावरणं टिकवून दाखवावं लागतं आणि मग इतरांच्या नजरेखाली काम शिकावं लागतं. एवढी शिस्त यवतमाळमध्येही अशक्य नाही.

ही शिस्त पेलतील अशी माणसं या जिल्ह्यात आहेत. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची पत्नी म्हणून वाट्याला आलेलं वैधव्य त्यांनी हजारो लोकांपुढे ताठ मानेने मांडलं. श्याम पेठकर यांच्या 'तेरवं' या नाटकात अशाच स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या. बोलण्याची, ऐकवण्याची आणि ऐकण्याची ताकद त्यांच्यात आधीपासून आहे. त्यांच्यापर्यंत मानसशास्त्राचं शिक्षण परवडेल अशा रीतीने पोहोचलेलं नाही, ही उणीव व्यवस्थेची आहे. त्यांच्यातल्या कुणाला या वाटेने यायचं असेल तर क्रम साधारण असा धरावा. आधी मानसशास्त्राची पदवी किंवा समुपदेशनाचं रीतसर शिक्षण, त्यासोबत आशा, परिचारिका, शिक्षिका असं पोट भरणारं काम. कारण तालुक्याच्या गावात नुसत्या संमोहनावर घर चालत नाही, आणि ज्याचं घर फीवर अवलंबून असतं त्याला रुग्ण दुसरीकडे पाठवणं जड जातं. मग रुग्णालयात प्रत्यक्ष काम, मग संमोहनाचं प्रशिक्षण. स्वतःच्या दुःखासाठी स्वतः कुणाकडे तरी जाऊन बसणं याच काळात व्हावं. प्रत्येक रुग्णाबद्दल एखाद्या ज्येष्ठाशी ठरावीक दिवशी बोलायचं, जमलेलं आणि बिघडलेलं दोन्ही सांगायचं. आणि ज्याच्या बोलण्यात आपलीच कहाणी शब्दशः ऐकू येते, तो रुग्ण पहिली काही वर्षं दुसऱ्या सहकाऱ्याकडे पाठवायचा.